झांझिबारचा ‘जुना दवाखाना’ आणि सर थारिया टोपण

झांझिबारच्या स्टोन टाऊनमध्ये बंदरासमोर एक देखणी चार मजली इमारत उभी आहे. कोरीव लाकडी सज्जे, रंगीत काचांच्या खिडक्या, आत मोकळा चौक. लोक तिला ‘जुना दवाखाना’ म्हणतात. ती बांधायला घेतली आपल्याच मुलखातल्या एका माणसाने, कच्छच्या लखपत गावच्या थारिया टोपण यांनी.

थारिया यांचा जन्म १८२३ चा, खोजा इस्माइली घराण्यातला. पोरवयात ते गलबतात लपून झांझिबारला पोचले, असं सांगतात. खिशात दमडी नव्हती. जयराम शिवजी या भाटिया व्यापाऱ्यांच्या पेढीत ते नोकरीला लागले आणि पाहता पाहता स्वतःची पेढी उभी केली. लवंग, हस्तिदंत, कापड, सावकारी असा मोठा पसारा. आपल्या मुंबईच्या बाजारात लवंग यायची ती बरीचशी याच बेटावरून. पुढे सुलतानाच्या जकातीचा मक्ताही त्यांच्याकडे आला. १८७५ मध्ये सुलतान बर्गश इंग्लंडला गेले, तेव्हा थारियाही सोबत होते.

इथे एक गोष्ट झाकून ठेवणं आम्हाला बरं वाटत नाही. टिप्पू टिपसारख्या व्यापाऱ्यांचे काफिले थारियांच्या पैशावर आफ्रिकेच्या आतल्या भागात जायचे, आणि हे काफिले नुसते हस्तिदंत आणत नव्हते, माणसंही धरून आणत होते. १८७३ मध्ये झांझिबारचा गुलामांचा बाजार बंद झाला. नंतर थारिया इंग्रजांच्या मर्जीतले झाले, ‘सर’ किताबही मिळाला. पण म्हणून आधीचा हिशेब पुसला जात नाही. आपल्या कौमच्या मोठ्या माणसांबद्दल लिहिताना आपण हे पान नेहमी घाईघाईने उलटतो.

१८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली. त्या निमित्ताने थारियांनी गोरगरिबांसाठी धर्मादाय इस्पितळाचा पाया घातला. ते पुरं झालेलं मात्र त्यांना पाहता आलं नाही. १८९१ मध्ये मुंबईत त्यांचा इंतकाल झाला. बांधकाम १८९४ पर्यंत चाललं. मग १९०० मध्ये वास्तू विकली गेली आणि हाजी नासर नूरमहंमद यांच्याकडे आली. त्यांनी तळमजल्यावर दवाखाना थाटला, वरच्या मजल्यांवर बिऱ्हाडं आली. मूळचं इस्पितळ काही झालं नाही, पण गरिबांना औषध मिळू लागलं.

१९६४ च्या क्रांतीनंतर हिंदी कुटुंबं बेट सोडून जाऊ लागली. वास्तू ओस पडली. खारा वारा आणि पाऊस यांनी चुन्याच्या भिंती पोखरल्या, सज्जे खिळखिळे झाले. १९९० च्या दशकात आगाखान ट्रस्टने ती हाती घेतली. पोवळ्याच्या दगडाच्या भिंतींना पुन्हा चुन्याचाच गिलावा दिला, लाकूडकाम जुन्या नमुन्याबरहुकूम केलं. १९९६ मध्ये तिथे सांस्कृतिक केंद्र सुरू झालं. सज्जात उभं राहिलं की आजही समोर बंदरातली शिडाची गलबतं दिसतात.