इलियट जॉस्लिन

इलियट प्रॉक्टर जॉस्लिन (६ जून, १८६९ – २८ जानेवारी, १९६२) हे अमेरिकन वैद्यकतज्ज्ञ होते. केवळ मधुमेहाच्या उपचारालाच वाहून घेणारे ते अमेरिकेतील पहिले डॉक्टर मानले जातात. रक्तातील साखर काटेकोर नियंत्रणात ठेवल्यास मधुमेहाचे दूरगामी उपद्रव टाळता येतात, या मताचा त्यांनी आयुष्यभर पुरस्कार केला. या मताला निर्णायक पुरावा त्यांच्या मृत्यूनंतर तीन दशकांनी मिळाला.

जन्म आणि शिक्षण

जॉस्लिन यांचा जन्म अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑक्सफर्ड या लहान गावी झाला. त्यांच्या वडिलांचा पादत्राणांचा कारखाना होता. येल महाविद्यालयातून १८९० साली पदवी घेतल्यानंतर त्यांनी हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयात प्रवेश घेतला व १८९५ मध्ये तेथील वैद्यकीय पदवी मिळवली. विद्यार्थिदशेतच, १८९३ साली, त्यांनी मधुमेह झालेल्या एका तरुणीची तपशीलवार नोंद केली. रुग्णांच्या ज्या नोंदवह्या त्यांनी पुढे जवळजवळ सत्तर वर्षे चालू ठेवल्या, त्यांची ही सुरुवात होती. युरोपात जाऊन त्यांनी स्ट्रासबुर्ग येथील बर्नहार्ड नाउनिन या मधुमेहतज्ज्ञांचे कामही पाहिले. १८९८ साली त्यांनी बॉस्टनमध्ये वैद्यकीय व्यवसाय सुरू केला.

मधुमेहाकडे वळण्यामागे कौटुंबिक कारणही होते. त्यांच्या मावशीला हा आजार होता आणि व्यवसायाच्या प्रारंभीच्या काळात आईलाही तो जडला. मुलाच्या देखरेखीखाली आहाराचे पथ्य पाळून आई त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळ जगली. औषध नसतानाही शिस्तीने आयुष्य वाढते, हा धडा जॉस्लिन यांना घरातूनच मिळाला.

इन्सुलिनपूर्व काळ

त्या काळी मधुमेहावर कोणतेही परिणामकारक औषध नव्हते. बालरुग्ण निदानानंतर फार तर एक-दोन वर्षे जगत. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेतील फ्रेडरिक ॲलन यांनी उपासाची उपचारपद्धती मांडली होती. लघवीतील साखर नाहीशी होईपर्यंत रुग्णाला उपाशी ठेवायचे आणि नंतर सोसेल तेवढेच अन्न मोजून द्यायचे, असे तिचे स्वरूप होते. जॉस्लिन यांनी ही पद्धत स्वीकारली. तिच्यामुळे आयुष्य वाढत असे, परंतु अनेक मुले हाडांचा सापळा होऊन मरत. ही किंमत जॉस्लिन यांना ठाऊक होती. अधिक चांगला उपाय सापडेपर्यंत रुग्णाला जिवंत ठेवणे हाच त्यांच्यापुढील मार्ग होता.

बॉस्टनमधील कार्नेगी पोषण प्रयोगशाळेत फ्रान्सिस बेनेडिक्ट यांच्यासमवेत त्यांनी मधुमेही शरीराच्या चयापचयाचा अभ्यास केला. एक हजार रुग्णांच्या अनुभवावर आधारलेला मधुमेहोपचारावरील त्यांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध झाला. १९१८ मध्ये त्यांनी डॉक्टर आणि रुग्ण या दोघांसाठी एक पुस्तिका लिहिली. लघवीची तपासणी, अन्नाचे वजन, त्वचा, दात व पाय यांची निगा असे विषय तीत सोप्या भाषेत मांडलेले होते. रुग्णाने आपल्या आजाराचे ज्ञान स्वतः मिळवावे, ही कल्पना तेव्हा नवी होती.

१९२१ साली त्यांनी एका शोधनिबंधात न्यू इंग्लंडमधील एका गावाचे उदाहरण दिले. तेथे शेजारशेजारच्या तीन घरांत एकामागून एक राहायला आलेल्या सात कुटुंबप्रमुखांपैकी सहा जण मधुमेहाने दगावले होते. एखाद्या साथीच्या रोगाने इतके लोक गेले असते तर आरोग्य खाते खडबडून जागे झाले असते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. मधुमेहाला सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मानण्याच्या दिशेने हे महत्त्वाचे पाऊल होते.

इन्सुलिन आणि रुग्णशिक्षण

टोरंटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी केलेल्या प्रयोगांतून इन्सुलिन हाती आले. जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम रुग्णाला टोचण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जॉस्लिन यांनी आपल्या पहिल्या रुग्णाला इन्सुलिन दिले. उपासाने खंगून घराबाहेर पडणेही अशक्य झालेली ही परिचारिका थोड्याच काळात पुन्हा हिंडूफिरू लागली.

मात्र इन्सुलिनने मधुमेह बरा होत नाही, हे जॉस्लिन यांनी आरंभीच ओळखले. त्यांनी उपचाराची तुलना तीन घोड्यांच्या रथाशी केली. आहार, व्यायाम आणि इन्सुलिन हे ते तीन घोडे असून रथाचा सारथी रुग्ण स्वतःच असतो, असे ते मानत. त्यांच्या दवाखान्यात रुग्णांचे वर्ग भरत. प्रशिक्षित परिचारिका रुग्णांच्या घरी जाऊन इन्सुलिन टोचणे, अन्न मोजणे व पायांची काळजी घेणे शिकवत. गँगरीनमुळे पाय कापावा लागू नये म्हणून त्यांनी शल्यविशारदांनाही आपल्या कामात सामील करून घेतले. त्यांच्या सहकारी प्रिसिला व्हाइट यांनी मधुमेही स्त्रियांच्या गरोदरपणाच्या उपचारात मोलाचे काम केले. १९५२ साली या संस्थेला जॉस्लिन क्लिनिक हे नाव देण्यात आले.

साखरनियंत्रणाचा वाद

इन्सुलिनमुळे रुग्ण दीर्घकाळ जगू लागले आणि तेव्हाच डोळे, मूत्रपिंडे व मज्जातंतू यांचे विकार ठळकपणे दिसू लागले. हे विकार वाढलेल्या साखरेमुळे होतात, असे जॉस्लिन यांचे ठाम मत होते. न्यूयॉर्कचे एडवर्ड टॉल्स्टॉय व इतर काही डॉक्टरांना ते मान्य नव्हते. रुग्णाला बरे वाटत असेल आणि वजन टिकून असेल, तर लघवीत साखर आढळली तरी चालेल आणि आहारही मोकळा असावा, अशी त्यांची भूमिका होती. जॉस्लिन यांच्या शिस्तीमुळे उपद्रवांचा दोष रुग्णाच्याच माथी मारला जातो, अशीही टीका झाली. ती सर्वस्वी निराधार नव्हती, कारण पथ्य काटेकोर पाळूनही काही रुग्णांना उपद्रव होत असत.

मृत्यू आणि वारसा

जॉस्लिन वयाच्या ९२ व्या वर्षी निधन पावले. अखेरपर्यंत ते रुग्ण तपासत होते. वादाचा निकाल १९९३ साली लागला. अमेरिका व कॅनडातील २९ केंद्रांत पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या १,४४१ रुग्णांचा सरासरी साडेसहा वर्षे अभ्यास करण्यात आला. कडक साखरनियंत्रणाने दृष्टिपटलाच्या विकाराचा धोका सुमारे ७६ टक्क्यांनी कमी होतो, असे त्यात आढळले. तीव्र हायपोग्लायसेमियाचे, म्हणजे रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरण्याचे प्रमाण मात्र याच गटात जवळजवळ तिप्पट होते.

त्याच वर्षी हॅराल्ड लो यांनी हिरड्यांच्या जुनाट रोगाला मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले. वाढलेल्या साखरेमुळे हिरड्यांची प्रतिकारशक्ती घटते, तर हिरड्यांतील दाहामुळे इन्सुलिनचा परिणाम मंदावतो. जॉस्लिन यांच्या हयातीतच, १९६० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात हिरड्यांच्या उपचारानंतर नऊपैकी सात मधुमेही रुग्णांची इन्सुलिनची गरज कमी झाल्याचे नोंदले गेले होते. २०१३ साली अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत असा लाभ दिसला नाही. तथापि २०२२ साली ३५ चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात, दातांवरील व हिरड्यांखालील किटण काढून टाकल्यावर तीन ते चार महिन्यांत एचबीए१सी, म्हणजे साखरेची सरासरी पातळी दर्शवणारे मान, सुमारे ०.४३ टक्के-अंकाने घटल्याचे आढळले. दात व पायांची निगा हा मधुमेहोपचाराचाच भाग मानणाऱ्या जॉस्लिन यांच्या दृष्टिकोनाशी हे निष्कर्ष सुसंगत आहेत.