मानवत हत्याकांड, ‘आक्रीत’ आणि हिंसेचा माग काढणारे विजय तेंडुलकर

2024 मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही वेब मालिका आली आणि परभणी जिल्ह्यातले जुने प्रकरण नव्या पिढीच्या मोबाइलवर पोहोचले. मात्र या घटनेवर मराठी चित्रपट 1981 मध्येच येऊन गेला होता. त्याचे नाव ‘आक्रीत’. पटकथा विजय तेंडुलकरांची होती.

मानवतमध्ये काय घडले होते?

14 नोव्हेंबर 1972 ते 4 जानेवारी 1974 या काळात मानवतमध्ये 10 खून झाले. बळी गेलेल्यांत दहा वर्षांच्या आसपासच्या 5 मुली, 4 स्त्रिया आणि एक वर्षाचे एक बाळ होते. मराठवाडा तेव्हा दुष्काळाने होरपळत होता. गुप्तधन आणि अपत्यप्राप्तीसाठी नरबळी दिल्याचे तपासात पुढे आले. तपासासाठी मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना पाठवण्यात आले. 18 जणांवर खटला चालला आणि प्रकरण 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

तेंडुलकर कोण होते?

6 जानेवारी 1928 रोजी त्यांचा जन्म झाला. वडील कारकुनी करत आणि पुस्तक प्रकाशनाचा छोटा व्यवसायही सांभाळत. 1942 च्या चळवळीच्या ओढीने तेंडुलकरांची शाळा सुटली. पुढे त्यांनी मुंबईत वृत्तपत्रांत काम केले. वरवर सभ्य दिसणारी माणसे क्रूर कशी होतात, हा प्रश्न त्यांच्या लेखनात वारंवार येत राहिला. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये लुटुपुटीचा खटला एका स्त्रीवर खरोखरच उलटतो. ‘गिधाडे’मध्ये घरातलीच माणसे एकमेकांचे लचके तोडतात. 1972 मध्ये ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ आली. ‘सखाराम’वर सेन्सॉरची कात्री चालली आणि वाद उच्च न्यायालयात गेला. निकाल नाटकाच्या बाजूने लागला.

1970 च्या दशकात नेहरू फेलोशिप मिळाल्यावर त्यांनी हिंसेच्या बदलत्या रूपांचा अभ्यास केला. ‘सामना’, ‘निशांत’, ‘आक्रोश’ आणि ‘अर्धसत्य’ या चित्रपटांच्या लेखनातही सत्ता आणि हिंसा यांचे नाते दिसते.

‘आक्रीत’ वेगळा का?

‘रजनीगंधा’, ‘गोलमाल’मधला साधाभोळा नायक म्हणून लोकप्रिय असलेल्या अमोल पालेकरांचे हे पहिले दिग्दर्शन. त्यांनी स्वतः गावातल्या वजनदार माणसाची भूमिका केली, तर चित्रा पालेकर त्याच्या रखेलीच्या भूमिकेत होत्या. मोठा खर्च नाही, चकचकीत दृश्ये नाहीत, भूतही नाही. तरीही प्रेक्षक अस्वस्थ होतो, कारण इथला मारेकरी अंधारातून येत नाही. तो गावात मानाने वावरतो आणि त्याच्या दबदब्यापुढे लोक गप्प बसतात. फ्रान्समधल्या नांत येथील महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला.

असा चित्रपट पाहावा का?

तेंडुलकरांवर हिंसेचे प्रदर्शन मांडल्याचा आरोप आयुष्यभर होत राहिला. आरोप अगदीच निराधार म्हणता येत नाही. ज्या घरांतल्या लेकी गेल्या, त्यांच्यासाठी ही करमणुकीची गोष्ट नव्हती. पण तेंडुलकरांचा भर रक्तापेक्षा त्यामागच्या कारणांवर असे: धनाचा हव्यास, मूल नसलेल्या बाईवरचा दबाव, मांत्रिकावरची श्रद्धा आणि सत्तेपुढची चुप्पी. खुनी पकडला गेला तरी ही कारणे गावात शिल्लक राहतात.

तेंडुलकरांना 1984 मध्ये पद्मभूषण मिळाले. 2002 मध्ये मुलगी, अभिनेत्री प्रिया तेंडुलकर हिच्या मृत्यूचे दुःख त्यांना सोसावे लागले. 19 मे 2008 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. नरबळी आणि जादूटोण्याविरोधात महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा आला तो 2013 मध्ये, म्हणजे मानवतच्या खुनांना सुमारे चार दशके उलटल्यावर.