जेन ऑस्टेन : ग्रंथप्रेम, प्रियाराधन आणि खेळकर प्रेमकादंबरी

१. उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला –
• जेन ऑस्टेन या इंग्रजी कादंबरीकर्तीचा जीवनपट सांगता येईल.
• तिच्या काळातील वाचनव्यवहार, विवाहसंस्था आणि स्त्रीचे अर्थकारण यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल.
• खेळकर प्रेमकादंबरी या प्रकाराची वैशिष्ट्ये तिच्या कादंबऱ्यांच्या आधारे मांडता येतील.

२. प्रास्ताविक

पुस्तकांत रमणारी नायिका, तिच्याशी पुस्तकांविषयी वाद घालणारा नायक, दोघांचे गैरसमज, थट्टामस्करी आणि शेवटी विवाह ही कथेची चौकट आज आपल्याला चांगलीच परिचित आहे. पुस्तकांच्या दुकानात, ग्रंथालयात किंवा वाचकमंडळात जुळणाऱ्या प्रेमाच्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या आज जगभर लिहिल्या जातात. अशा कादंबरीला रंजक परंतु किरकोळ ठरवण्याची सवय समीक्षेला पूर्वीपासून आहे. मराठीतही रंजन आणि जीवनदर्शन यांच्या संबंधाविषयी ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या काळात मोठा वाद झाला. म्हणूनच या कथाप्रकाराला घडवणाऱ्या लेखिकेचे चरित्र समजून घेणे उपयुक्त ठरते. जिच्या कादंबऱ्यांत बहुतेक सर्व नायिकांचे विवाह होतात, ती स्वतः अविवाहित राहिली. जिने वाचकांना हसवले, तिला आपली पहिली कादंबरी छापून येण्यासाठी वयाच्या पस्तिशीपर्यंत थांबावे लागले. हा विरोधाभास कसा निर्माण झाला, हे या घटकात आपण पाहणार आहोत.

३. विषय-विवेचन

३.१ वाचणारे घर

जेन ऑस्टेनचा जन्म १६ डिसेंबर १७७५ रोजी इंग्लंडच्या हॅम्पशर परगण्यातील स्टीव्हन्टन या खेड्यात झाला. वडील जॉर्ज ऑस्टेन तेथील धर्मोपदेशक होते. सहा मुलगे आणि दोन मुली अशा आठ भावंडांत जेन सातवी. थोरली बहीण कॅसँड्रा ही तिची आयुष्यभराची सखी. मिळकत बेताची असल्याने जॉर्ज ऑस्टेन मुलांना घरी ठेवून शिकवण्या घेत. मुलींचे शालेय शिक्षण मात्र फार काळ चालले नाही. रेडिंग येथील शाळेतून १७८६ मध्ये त्या परतल्या आणि जेनचे पुढचे शिक्षण घरातच झाले. ते घडले मुख्यतः वडिलांच्या ग्रंथसंग्रहातून. या संग्रहात पाचशेहून अधिक ग्रंथ होते आणि मुलीने काय वाचावे यावर वडिलांनी फारशी बंधने घातली नव्हती.

त्या काळी कादंबरी हा प्रतिष्ठित वाङ्मयप्रकार नव्हता. तरुण मुलींची मने कादंबऱ्यांमुळे बिघडतात, असे नीतिपर लेखनातून वारंवार सांगितले जाई. पुस्तके महाग असल्याने मध्यमवर्गीय वाचक वर्गणी भरून फिरत्या ग्रंथालयांतून ती घरी आणीत. १७९८ मध्ये शेजारच्या बेझिंगस्टोक गावी असे एक ग्रंथालय निघाले, तेव्हा आपल्याकडे निव्वळ कादंबऱ्या नसतील, असा निर्वाळा चालिकेने दिला होता. ऑस्टेन कुटुंबापुरता तो अनाठायी असल्याचे जेनने बहिणीला मिस्कीलपणे कळवले, कारण या घरात कादंबऱ्या आवडीने आणि उघडपणे वाचल्या जात. संध्याकाळी एकाने वाचावे आणि इतरांनी ऐकावे, हा त्या घराचा परिपाठ होता. जेनच्या संवादांना असलेली श्राव्यता या परिपाठातून आली असावी, असे म्हणता येईल.

वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास ती लिहू लागली. १७८७ ते १७९३ या काळातील हे लेखन तिने तीन वह्यांत उतरवून ठेवले. त्यात भावविवश कादंबऱ्यांची विडंबने आहेत. प्रथमदर्शनी प्रेमात पडणाऱ्या आणि ऊठसूट मूर्च्छित होणाऱ्या नायिकांची तिने त्यांत यथेच्छ टर उडवली आहे.

३.२ एक नृत्यसमारंभ आणि एक नकार

१७९५ च्या हिवाळ्यात, वीस वर्षांची असताना, जेनची टॉम लेफ्रॉय या आयरिश तरुणाशी ओळख झाली. तो कायद्याचा अभ्यास करणारा, शेजारच्या धर्मोपदेशकाच्या कुटुंबातील पाहुणा होता. नृत्यसमारंभांत दोघे एकमेकांच्या सहवासात इतके दिसू लागले की लोकांत त्याची चर्चा झाली. त्याचा फिकट रंगाचा कोट आपल्याला खटकतो, असे जेनने बहिणीला लिहिले आणि त्याचे कारणही दिले : हेन्री फील्डिंगच्या ‘टॉम जोन्स’ या कादंबरीचा तो चाहता असून नायकासारखा पोशाख करतो, असा तिचा तर्क होता. मोकळ्या प्रसंगांमुळे ही कादंबरी त्या काळी कुलीन मुलींच्या वाचनास योग्य मानली जात नसे. दोघांनाही ती ठाऊक होती, हे या थट्टेवरून उघड होते. पुस्तकाच्या आवडीवरून माणूस ओळखण्याची ऑस्टेनची रीत येथे दिसते.

ही ओळख पुढे गेली नाही. लेफ्रॉयवर मोठ्या कुटुंबाच्या अपेक्षा होत्या, जेनकडे हुंडा नव्हता. नातलगांनी त्याला लवकरच तेथून रवाना केले. पुढे तो आयर्लंडचा सरन्यायाधीश झाला. त्यानंतरच्या वर्षी कॅसँड्राचा वाग्दत्त वर टॉम फाउल वेस्ट इंडीजमध्ये पीतज्वराने मरण पावला. प्रेम असूनही पैशाअभावी विवाह लांबतो आणि लांबलेला विवाह मृत्यूमुळे कायमचा राहून जातो, हे जेनने आपल्या घरातच पाहिले.

१८०१ मध्ये वडिलांनी निवृत्त होऊन बाथ येथे बिऱ्हाड हलवले. त्या वेळी घरातला ग्रंथसंग्रह आणि जेनचा पियानो विकावा लागला. २ डिसेंबर १८०२ रोजी हॅरिस बिग-विदर या परिचित कुटुंबातील तरुणाने तिला मागणी घातली. तो मोठ्या जमीनजुमल्याचा वारस होता आणि ती सत्ताविसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होती. या विवाहाने आईवडिलांच्या आणि बहिणीच्या भवितव्याची चिंता मिटली असती. जेनने होकार दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागे घेतला. अविवाहित स्त्रीला स्वतंत्र उपजीविकेचे मार्ग जवळजवळ नव्हते, ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या नकाराची किंमत कळते. १८०५ च्या जानेवारीत वडील वारले, तेव्हा आई आणि दोघी बहिणी सर्वस्वी भावांच्या मदतीवर विसंबून राहिल्या.

३.३ दहा पौंडांचे हस्तलिखित

या काळापूर्वीच तिने तीन कादंबऱ्या लिहून ठेवल्या होत्या. त्यांपैकी ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’ ही १७९७ मध्ये वडिलांनी लंडनच्या कॅडेल या प्रकाशकाला सुचवली. हस्तलिखित न पाहताच त्याने उलटटपाली नकार कळवला. ‘सुझन’ ही दुसरी कादंबरी १८०३ मध्ये क्रॉस्बी या प्रकाशकाने १० पौंडांना विकत घेतली, जाहिरातही केली, पण छापली नाही. १८०९ मध्ये जेनने टोपणनावाने त्याला पत्र लिहून विचारणा केली. दिलेले १० पौंड परत केल्यास हस्तलिखित मिळेल, असे उत्तर आले. ही रक्कम त्या वेळी तिला सहज उभी करता येण्यासारखी नव्हती. अखेर १८१६ मध्ये तिचा भाऊ हेन्री याने ते सोडवून आणले. व्यवहार पुरा झाल्यावरच, आपण परत केलेली कृती एका लोकप्रिय कादंबरीच्या लेखिकेची आहे, हे त्याने प्रकाशकाला सांगितले, अशी कुटुंबातील आठवण आहे.

हीच कादंबरी पुढे ‘नॉर्थँगर ॲबी’ या नावाने प्रसिद्ध झाली. ग्रंथप्रेमींच्या प्रियाराधनाची कथा म्हणून ती या घटकात विशेष महत्त्वाची आहे. सतरा वर्षांची कॅथरीन मोरलंड भयकादंबऱ्यांच्या नादी लागलेली आहे. बाथच्या मेळ्यात तिला हेन्री टिल्नी भेटतो. आपणही कादंबऱ्या आवडीने वाचतो, हे तो मनमोकळेपणाने सांगतो. उलट जॉन थॉर्प हा बढाईखोर तरुण कादंबऱ्यांना तुच्छ लेखतो आणि स्वतःचे अज्ञानच उघडे पाडतो. कॅथरीनने कोणाला पसंत करावे, हे वाचकाला तेथेच कळून चुकते. हेन्रीच्या घरी गेल्यावर मात्र, त्याच्या वडिलांनी पत्नीचा खून केला असावा, अशी पुस्तकी शंका तिला येते आणि ती खोटी ठरते. येथवर कथा विनोदी आहे. पुढे तेच जनरल टिल्नी, ही मुलगी धनवान नाही हे कळताच, तिला दूरच्या प्रवासाला एकटीच घरातून काढून लावतात. खून घडलेला नसतो, पण क्रूरता खरीच असते, आणि तिचे मूळ पैशात असते. खेळकर कथेतून गंभीर सत्य सांगण्याचे ऑस्टेनचे कौशल्य येथे दिसून येते.

३.४ चॉटनची वर्षे

१८०९ च्या जुलैमध्ये धनिक नातलगांनी दत्तक घेतलेला भाऊ एडवर्ड याने आपल्या जहागिरीतील चॉटन येथील घर आई व बहिणींना राहावयास दिले. येथे जेनला स्थैर्य लाभले. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ १८११ मध्ये प्रसिद्ध झाली. तोट्याची जोखीम लेखिकेनेच पत्करली होती आणि लेखिकेच्या जागी केवळ एक स्त्री एवढाच उल्लेख होता. आवृत्ती संपली आणि तिला १४० पौंड नफा झाला. ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’चे पुनर्लेखन करून सिद्ध झालेली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ २८ जानेवारी १८१३ रोजी प्रकाशित झाली. तिचे सर्व हक्क तिने ११० पौंडांना विकून टाकले होते. त्यामुळे सर्वांत लोकप्रिय ठरलेल्या या कादंबरीच्या पुढील आवृत्त्यांतून तिला काही मिळाले नाही. ‘मॅन्सफील्ड पार्क’ १८१४ मध्ये आणि ‘एमा’ १८१५ च्या अखेरीस निघाली.

या कादंबऱ्यांत पुस्तक ही स्वभावाची कसोटी असते. ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’मधील मेरिअनला कविता निरसपणे वाचणारा पुरुष सहन होत नाही. रसिकतेने वाचणाऱ्या विलोबीवर ती भाळते आणि हीच रसिकता तिला फसवते. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये डार्सीचे लक्ष वेधण्यासाठी मिस बिंगली वाचनाचे सोंग करते. तिने हाती घेतलेले पुस्तक केवळ तो वाचत असलेल्या ग्रंथाचा दुसरा खंड असतो. त्याच कादंबरीतील कॉलिन्स कादंबरी वाचण्यास नकार देऊन उपदेशपर प्रवचने वाचू लागतो. ‘पर्स्वेजन’मधील ॲन दुःखी बेनविकला काव्याबरोबर थोडे गद्यही वाचण्याचा सल्ला देते. ग्रंथप्रेम माणसांना जवळ आणते, परंतु ते चारित्र्याची हमी देत नाही, हा विवेक ऑस्टेनने सातत्याने राखला आहे.

‘एमा’ ही कादंबरी राजप्रतिनिधी युवराजास अर्पण केलेली आहे. त्यांच्या ग्रंथपालाने पुढे तिला एखाद्या राजघराण्यावर ऐतिहासिक प्रेमकथा लिहिण्याचे सुचवले. आपल्याला हसण्यास मज्जाव असेल असे लेखन आपल्या हातून होणार नाही, अशा आशयाचे नम्र उत्तर देऊन तिने ही सूचना नाकारली. आपल्या शैलीची मर्यादा आणि सामर्थ्य या दोन्हींची तिला पुरती जाण होती.

ऑस्टेन कुटुंबाचा भारताशीही संबंध होता. जेनची आत्या फिलाडेल्फिया १७५२ मध्ये भारतात आली व येथेच तिचा विवाह झाला. तिची कन्या एलायझा हिचा जन्म कोलकात्यात झाला आणि वॉरन हेस्टिंग्ज तिचे धर्मपिता होते. विवाहासाठी दूरदेशी जाणाऱ्या निर्धन तरुणींचे वास्तव जेनला घरातल्या माणसांकडूनच कळले होते.

३.५ अखेर

१८१६ पासून जेनची प्रकृती ढासळू लागली. त्या वर्षी तिने ‘पर्स्वेजन’ पूर्ण केली. १८१७ च्या आरंभी घेतलेली नवी कादंबरी मार्चमध्ये थांबवावी लागली. उपचारांसाठी तिला विंचेस्टर येथे नेण्यात आले आणि १८ जुलै १८१७ रोजी, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, तिचे निधन झाले. तेथील कॅथीड्रलमध्ये तिची समाधी आहे. त्या शिळेवर तिच्या सद्गुणांचे वर्णन आहे, कादंबऱ्यांचा उल्लेख नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘नॉर्थँगर ॲबी’ आणि ‘पर्स्वेजन’ एकत्र प्रसिद्ध झाल्या आणि हेन्रीने लिहिलेल्या चरित्रपर टिपणातून लेखिकेचे नाव वाचकांसमोर जाहीर झाले. कॅसँड्राने पुढे बहिणीची बहुसंख्य पत्रे जाळून टाकली. आज सुमारे १६० पत्रे उपलब्ध आहेत. हयातीत लेखनातून तिला मिळालेली एकूण रक्कम ७०० पौंडांहून कमी होती. २०१७ मध्ये इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेने तिचे चित्र असलेली नोट काढली. ती नोट १० पौंडांची, म्हणजे ‘सुझन’च्या हस्तलिखितास मिळालेल्या मोलाएवढीच आहे.

४. सारांश

जेन ऑस्टेन वाचणाऱ्या घरात वाढली आणि वाचनाची थट्टा करतच लिहू लागली. तिच्या कादंबऱ्यांतील प्रियाराधन वरवर खेळकर असले, तरी कोणाशी विवाह करायचा या प्रश्नावर नायिकेचे घर, मान आणि अन्न अवलंबून असते. तिने स्वतः सुरक्षित विवाह नाकारला आणि त्याची किंमत मोजली. म्हणून तिच्या कादंबऱ्यांचा सुखान्त ही वास्तवापासून पळवाट ठरत नाही. प्रेम आणि विवेक यांचा मेळ बसला तरच विवाह सार्थ होतो, ही अट त्या सुखान्तामागे आहे. खेळकर प्रेमकादंबरीचे मूल्यमापन करताना तिचा हलका स्वर आणि तिच्यातील पेच या दोन्हींचा एकत्र विचार करावा लागतो.

५. आपली प्रगती तपासा

१. ऑस्टेन कुटुंबातील वाचनाचे वातावरण थोडक्यात स्पष्ट करा.
२. ‘सुझन’ या कादंबरीच्या प्रकाशनाचा इतिहास लिहा.
३. ‘नॉर्थँगर ॲबी’मध्ये विनोद आणि वास्तव यांची सांगड कशी घातली आहे?

६. स्वाध्याय

तुमच्या वाचनातील कोणतीही एक मराठी प्रेमकादंबरी निवडा. तिच्यातील पात्रांच्या विवाहविषयक निर्णयांवर पैसा, कुटुंब आणि वाचनसंस्कार यांचा कोणता परिणाम होतो, याची सुमारे ३०० शब्दांत चर्चा करा.