महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) आणि त्यांची उजव्या स्टिअरिंगची ड्यूसेनबर्ग

इंदूरच्या होळकरांचे नाव निघाले की आपल्याला मल्हारराव आणि पुण्यश्लोक अहिल्याबाई आठवतात. इंग्रजांशी झुंजणारे पहिले यशवंतरावही आठवतात. याच घराण्यातले शेवटचे राज्यकर्ते महाराजा यशवंतराव दुसरे मात्र महाराष्ट्रात फारसे कुणाला ठाऊक नाहीत. जगभरच्या जुन्या मोटारींच्या शौकिनांना मात्र त्यांचे नाव चांगलेच माहीत आहे. त्याला कारण एक मोटार.

यशवंतरावांचा जन्म ६ सप्टेंबर १९०८ चा. शिक्षण इंग्लंडमध्ये, आधी चीम आणि चार्टरहाऊस या शाळांत, नंतर ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात. १९२४ मध्ये कागलच्या संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढच्याच वर्षी मुंबईत गाजलेले बावला खून प्रकरण घडले. त्याची झळ इंदूर दरबारापर्यंत पोहोचली आणि १९२६ मध्ये वडील तुकोजीराव (तिसरे) यांना गादी सोडावी लागली. यशवंतराव तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांना १९३० मध्ये मिळाले.

ऑक्सफर्डला त्यांची एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाशी ओळख झाली. त्याच्याकडून त्यांनी इंदुरात माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. नक्षीदार खांब, झुंबरे, गालिचे असला थाट तिथे नव्हता. सरळ रेषा, काच, धातू आणि नव्या धर्तीचे फर्निचर. ब्रांकुशी या थोर शिल्पकाराची ‘अवकाशातील पक्षी’ ही शिल्पे त्यांनी घेतली. ती ठेवण्यासाठी एक ध्यानमंदिर बांधायचे ठरले आणि त्यासाठी ब्रांकुशी स्वतः इंदूरला येऊन गेला. ते मंदिर काही झाले नाही.

याच चोखंदळपणाने त्यांनी मोटारी घेतल्या. त्यांत सर्वांत प्रसिद्ध ठरली ती ड्यूसेनबर्ग एसजे. ही कंपनी अमेरिकेतल्या इंडियानापोलिसची. त्या काळी अशा बड्या गाड्यांचा कारखाना फक्त इंजिन आणि चॅसिस देई. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करून घेई. महाराजांनी हे काम लंडनच्या जे. गर्नी नटिंग यांच्याकडे सोपवले. १९३५–३६ च्या सुमारास गाडी तयार झाली. लांबलचक बॉनेट, मागे निमुळती होत गेलेली उघडी बॉडी, दोघांपुरती जागा आणि रंग नारिंगी व काळा. आठ सिलिंडरचे, सुमारे ६.९ लिटरचे इंजिन, त्याला सुपरचार्जर जोडलेला. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे ताकद ३२० अश्वशक्ती.

आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून स्टिअरिंग उजवीकडे लागते. अमेरिकेत नेमके उलटे. त्यामुळे ड्यूसेनबर्गच्या बहुतेक गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या. या मालिकेच्या सर्व मिळून सुमारे ४८० गाड्या बनल्या. त्यांपैकी कारखान्यातूनच सुपरचार्जर लावून निघालेल्या सुमारे ३६. त्यातही उजव्या स्टिअरिंगची आणि लंडनची बॉडी असलेली, म्हणजे दुर्मिळात दुर्मिळ. १९३७ मध्ये ड्यूसेनबर्गचा कारखानाच बंद पडला.

अशा गाडीचा माग कसा काढतात, हा प्रश्न आमच्यासारख्या बँकेत आयुष्य घालवलेल्यांना जवळचा वाटतो. वाहनकर्ज देताना आम्ही आरसी बुकातला इंजिन नंबर आणि चॅसिस नंबर ताडून पाहत असू, कारण रंग बदलतो, मालक बदलतो, पण नंबर बोलतो. जुन्या मोटारींचे अभ्यासक हेच करतात. चॅसिस नंबर, इंजिन नंबर, बॉडी बनवणाऱ्याची पट्टी, ऑर्डरची नोंद आणि जुने फोटो यांचा मेळ बसला की गाडी अस्सल ठरते. इंदूरची ही ड्यूसेनबर्ग पुढे अमेरिकेत परतली आणि तिथल्या संग्रहांत मानाने मिरवली. मालक कितीही बदलले तरी तिची ओळख इंदूरच्या महाराजांची गाडी हीच राहिली.

पण माणसाचा हिशेब एका गाडीवर मांडता येत नाही. गाडी येऊन फार दिवस झाले नव्हते तोच, १९३७ मध्ये, संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये निवर्तल्या. कन्या उषाराजे तेव्हा लहान होत्या. महाराजांनी नंतर दोन अमेरिकन स्त्रियांशी विवाह केले. १९४२ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, त्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना खुले पत्र लिहून हिंदुस्थानच्या प्रश्नात लक्ष घालण्याची विनंती केली. ब्रिटिश छत्राखालच्या संस्थानिकाने असे करणे ही लहान गोष्ट नव्हती. त्यांच्या आश्रयाखाली सी. के. नायडू यांच्या होळकर संघाने रणजी करंडक जिंकायला सुरुवात केली. १९४५–४६ पासून १९५२–५३ पर्यंत तो चार वेळा इंदूरला आला.

१९४८ मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख आणि यशवंतराव उपराजप्रमुख झाले. १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला आणि ते पदही संपले. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३.

त्यांच्यामागे संग्रह पांगला. दोन संगमरवरी पक्षी ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात गेले. माणिकबागेतले फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोला लिलावात विकले गेले. राजवाड्यात सरकारी कर खात्याचे कार्यालय आले. २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयाने या महाराजांवर मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा कुठे आपल्याकडे थोडी चर्चा झाली.

हा सगळा खर्च अखेर रयतेच्या पैशातून झाला, हे विसरून चालणार नाही. त्याच घराण्यातल्या अहिल्याबाईंनी खासगीच्या पैशातून देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या. त्या आजही लोकांच्या उपयोगी पडतात. यशवंतरावांनी जमवलेले बहुतेक परदेशी गेले. तरीही चांगले काय ते ओळखण्याची त्यांची नजर खरी होती, हेही मान्य करावे लागेल.

होळकर मूळचे नीरेकाठच्या होळ गावचे. तिथून माळव्यात जाऊन त्यांनी घर केले. सिल्वासात स्थिरावलेल्या आपल्यासारख्यांना हे निराळे सांगायला नको. माणूस गाव सोडून जातो, तेव्हा मागे राहतात त्या वस्तू आणि नोंदी. त्या गाडीचा नंबर कुणीतरी जपून ठेवला, म्हणून आज मालकाची गोष्ट सांगता येते. आपल्याही घरातले जुने फोटो, सनदा, पावत्या, दस्तऐवज पुढच्या पिढीसाठी नीट लावून, मागे नाव-तारीख लिहून ठेवले तर बरे. मंडळाच्या सभासदांना आमची एवढीच विनंती.