हौसेला मोल नाही : अ‍ॅमी जॉन्सन

अर्थशास्त्र घेऊन शेफिल्ड विद्यापीठाची बी. ए. झालेली मुलगी लंडनला एका वकिलांच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागते, यात नवल ते काय? आम्हां कॉमर्सच्या विद्यार्थ्यांपुढेही बहुधा हेच वाढून ठेवलेले असते! अ‍ॅमी जॉन्सनचा जन्म १९०३ चा, इंग्लंडमधील हल बंदरातला. वडील मासळीचे व्यापारी. घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण लंडनमध्ये तिला स्वतःच्या पगारातच भागवायचे होते.

१९२८ साली ती स्टॅग लेन येथील विमान-क्लबची सभासद झाली आणि त्या पगाराला भोक पडले. उड्डाणाचे शिक्षण तासावर पैसे मोजून घ्यायचे. कचेरीच्या आधी विमानतळ, कचेरी सुटल्यावर पुन्हा विमानतळ. त्यात ती काही उपजत वैमानिक नव्हती. एकटीने विमान नेण्याआधी तिला इतरांपेक्षा अधिक तास शिकावे लागले. १९२९ च्या जुलैत परवाना मिळाला. एवढ्यावर एखादी थांबली असती. ही मात्र अंगात डगला चढवून क्लबच्या कारखान्यात शिरली, तेलाने हात काळे करून इंजिन खोलायला शिकली आणि त्याच वर्षी ग्राउंड इंजिनिअरचा परवाना मिळवणारी पहिली ब्रिटिश स्त्री ठरली. माझ्या मते तिचे खरे धाडस हेच. पुढे नोकरीही सुटली.

ऑस्ट्रेलियाला एकटीने जायचे तिने ठरवले तेव्हा तिचे सर्वांत लांबचे उड्डाण लंडन ते हल एवढेच होते! ६०० पौंडांचे जुने जिप्सी मॉथ विमान घेतले. निम्मे पैसे वडिलांनी दिले, निम्मे तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफील्ड यांनी. विमानाचे नाव ठेवले ‘जेसन’. वडिलांच्या पेढीचा तोच व्यापारी शिक्का होता.

५ मे १९३० रोजी ती क्रॉयडनहून निघाली. सहा दिवसांत कराची! तिथून अलाहाबादला जाताना पेट्रोल पुरेना, म्हणून मागे वळून झाशीला लष्कराच्या कवायतीच्या मैदानावर उतरली. विमान बराकीजवळ जाऊन थडकले, पंख मोडला. सुताराकडून तो दुरुस्त करून घेऊन पुढे निघाली. रंगूनजवळ, शर्यतीचे मैदान समजून ती इन्सीनच्या तंत्रशाळेच्या क्रीडांगणावर उतरली आणि विमान खड्ड्यात गेले. तेव्हा तिथल्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी खपून पंख नीट केला. (आपल्या कॉलेजच्या मैदानावर असे कोणी उतरले तर आपण काय करू, कोण जाणे!) २४ मे रोजी ती डार्विनला पोचली. बर्ट हिंकलरचा साडेपंधरा दिवसांचा विक्रम मोडला नाही, पण इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकटीने उडत गेलेली ती पहिली स्त्री.

नंतर वर्तमानपत्राने दहा हजार पौंड दिले आणि गावोगाव मिरवले. त्या सत्कारांनी ती इतकी थकली की दौरा अर्धवट सोडावा लागला. काल स्वतःच्या पैशाने केलेली हौस आज लोकांच्या मालकीची झाली होती. १९३२ मध्ये वैमानिक जिम मॉलिसनशी विवाह झाला, १९३८ मध्ये घटस्फोट. मधल्या काळात विक्रम केले, पण उडून पोट भरेल असे कायमचे काम मिळणे कठीणच गेले.

ते काम युद्धाने दिले. १९४० मध्ये ती लष्करी विमाने एका तळावरून दुसऱ्या तळावर पोचवणाऱ्या दलात दाखल झाली. ५ जानेवारी १९४१ रोजी खराब हवेत ब्लॅकपूलहून ऑक्सफर्डकडे निघालेले तिचे विमान भरकटून थेम्सच्या मुखाशी समुद्रात पडले. एका जहाजाचा कप्तान तिला वाचवण्यासाठी थंडगार पाण्यात उतरला, तोही दगावला. अ‍ॅमीचा देह सापडला नाही.