चिमूटभर लोखंड : जॉन मार्टिन

फर्स्ट इयरला फिटिंग शॉपमध्ये जॉब घासून घासून ज्यांचे हात काळे झाले, त्यांना लोखंडाचं कौतुक सांगायला जाऊ नये. नखांत बसलेला कीस मेसमध्ये ताटावर बसलो तरी निघत नाही! पण मित्रांनो, याच पृथ्वीवर हजारो मैल पसरलेले असे समुद्र आहेत की जिथे बाकी सगळं आहे, फक्त हा चिमूटभर कीस नाही. आणि तेवढ्यावाचून तिथलं जीवन अडून बसलं आहे. हे दाखवून देण्यात आयुष्याची शेवटची वर्षं घालवलेला माणूस म्हणजे जॉन मार्टिन.

मार्टिन यांचा जन्म १९३५ चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या ओल्ड लाइम गावचा. कॉलेजात असताना, १९५४ साली, त्यांना पोलिओ झाला. वय एकोणीस, म्हणजे आपल्या सेकंड इयरच्या पोरांएवढं. पुढे आयुष्यभर चालायला त्रास झाला. अशा माणसाने टेबलाखुर्चीचं काम धरलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. यांनी धरला समुद्र, जिथे धडधाकट माणसालाही डेकवर धड उभं राहता येत नाही.

ऱ्होड आयलंडला पीएच.डी. करून ते काही काळ पोर्टो रिकोच्या अणुकेंद्रात होते. तिथे ते बारीक समुद्री किड्यांच्या अंगातले धातू मोजत. मग १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉस लँडिंग या छोट्या बंदरगावच्या सागरी प्रयोगशाळेत आले, थोड्याच वर्षांत तिचे संचालक झाले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले.

आता कोडं काय होतं ते बघू. अलास्काजवळचा पॅसिफिक, विषुववृत्तावरचा पॅसिफिक आणि अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्र, या तीन ठिकाणी पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट भरपूर असतं. म्हणजे शेतात खत टाकून ठेवलंय, पण पीक नाही. समुद्रातलं पीक म्हणजे प्लवक, पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म एकपेशीय वनस्पती. लोखंड कमी पडत असेल अशी शंका १९३० च्या दशकातच काहींनी घेतली होती. पण पाणी तपासावं तर लोखंड सापडायचं! मग शंका सोडून दिली जायची.

मार्टिन यांचं खरं मोठेपण मला इथे वाटतं. त्यांनी आधी थिअरी मांडली नाही, आधी रीडिंगवर संशय घेतला. जहाज लोखंडाचं, पाणी काढायची तार पोलादी, हवेत गंजाची धूळ. मग बाटलीत लोखंड सापडणार नाही तर काय? शिशाच्या मोजमापात हाच घोळ क्लेअर पॅटरसन यांनी उघडा पाडला होता. मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच धडा गिरवला. पोलादी तारेऐवजी केव्हलारचा दोर, ॲसिडने धुतलेल्या बाटल्या, धुळीपासून बंद केलेली खोली. एवढा सोवळेपणा पाळल्यावर खरा आकडा आला : शंभर कोटी लिटर पाण्यात जेमतेम पाच-सहा ग्रॅम लोखंड, काही ठिकाणी त्याहूनही कमी.

पृथ्वीच्या कवचात सुमारे पाच टक्के लोखंड असताना समुद्रात एवढा दुष्काळ का? कारण आपल्या ओळखीचा गंज. ऑक्सिजन असलेल्या पाण्यात लोखंड विरघळलेलं राहत नाही, गंजून खाली बसतं. आदिम समुद्रात ऑक्सिजन नव्हता तेव्हा लोखंड मुबलक होतं. पुढे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्मजीवांनीच ऑक्सिजन सोडला आणि आपल्याच ताटातलं लोखंड घालवलं! बरं, त्यांचं लोखंडावाचून चालतही नाही. प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेला ते लागतं, नायट्रेट पचवायला लागतं, हवेतला नायट्रोजन पकडणाऱ्यांना तर फारच लागतं. म्हणून कित्येक जिवाणू सायडरोफोर नावाची रेणूंची चिमटी पाण्यात सोडून सापडेल तो कण पकडतात.

नद्यांचं लोखंड बहुतेक किनाऱ्याजवळच बसतं. मग भर समुद्रात पोचवतो कोण? बराचसा भार वाऱ्यावर. सहारा, गोबी अशा वाळवंटांची धूळ हजारो किलोमीटर उडत येऊन पाण्यावर पडते. तिच्यातलं थोडंसंच लोखंड विरघळतं, पण ज्यांचं पोट एवढंसं त्यांना तेवढंही पुरतं. अंटार्क्टिकाभोवती मात्र पाणी आणि बर्फ. धूळ येणार कुठून?

मार्टिन आणि स्टीव्ह फिट्झवॉटर यांनी अलास्काच्या आखातातलं पाणी बाटल्यांत भरून काहींत किंचित लोखंड घातलं. त्या बाटल्यांत प्लवक फोफावलं. १९८८ मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला. त्याच वर्षी वूड्स होल इथल्या व्याख्यानात त्यांनी गमतीत, नाटकी आवाज काढून, अर्धा टँकर लोखंडाच्या बदल्यात हिमयुग आणून देण्याची तयारी दाखवली. त्या गमतीमागे हिशेब होता. अंटार्क्टिकातल्या व्होस्टोकच्या बर्फात हिमयुगाच्या थरांमध्ये धूळ जास्त आणि कार्बन डायऑक्साइड कमी दिसत होता. कोरडं, वादळी हवामान, म्हणून जास्त धूळ. जास्त धूळ म्हणून जास्त प्लवक. प्लवकाने ओढलेला कार्बन मेल्यावर समुद्रतळाकडे. १९९० मध्ये त्यांनी हे नीट लिहून काढलं.

मग व्हायचं तेच झालं. समुद्रात लोखंड ओतून जागतिक तापमानवाढ रोखता येईल अशा बातम्या सुटल्या आणि शास्त्रज्ञांत जुंपली. विरोधकांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. बाटली म्हणजे समुद्र नव्हे. बाटलीत प्लवक खाणारे प्राणी कुठे आहेत? मार्टिन यांनी ठरवलं, प्रयोग उघड्या समुद्रात करायचा.

त्याआधी १७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपाने मॉस लँडिंगची इमारतच निकामी केली होती. खालची वाळू पातळ झाली, सिव्हिलवाले ज्याला लिक्विफॅक्शन म्हणतात ते. तात्पुरत्या जागेत काम, नव्या इमारतीसाठी खटपट, त्यात कॅन्सर. १८ जून १९९३ ला मार्टिन गेले. प्रयोगाचं जहाज निघालं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये.

गॅलापागोसच्या दक्षिणेला, केनेथ कोल आणि सहकाऱ्यांनी ६४ चौरस किलोमीटर पाण्यात सुमारे ४५० किलो लोखंड सोडलं. पट्टा हरवू नये म्हणून सोबत सल्फर हेक्झाफ्लोराइड मिसळला होता (इलेक्ट्रिकलवाल्यांच्या ओळखीचा, सर्किट ब्रेकरमधला). प्लवकातलं हरितद्रव्य जवळजवळ तिप्पट झालं, पण चार-पाच दिवसांत तो पट्टा हलक्या पाण्याखाली गेला. १९९५ मध्ये पुन्हा प्रयोग झाला, या वेळी लोखंड थोडं थोडं करून दिलं. हरितद्रव्य वीस पटींहून जास्त वाढलं. बाटलीतलं उत्तर उघड्या समुद्रातही खरं ठरलं.

कार्बन खोल जातो का, हा प्रश्न मात्र उरला. २००९ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने जर्मनांबरोबर दक्षिण अटलांटिकमध्ये ‘लोहाफेक्स’ केला, नावात आपलं लोह. त्याआधी पर्यावरणवाद्यांच्या आक्षेपावरून जर्मन सरकारने तो काही दिवस थांबवून धरला होता. शेवटी सुमारे ३०० चौरस किलोमीटरवर टनावारी हिराकस सोडला गेला. प्लवक वाढलं, पण काचेसारखं कवच असणारे, जड होऊन बुडणारे डायाटम वाढले नाहीत, कारण त्या पाण्यात सिलिका आधीच संपली होती. जे बारीक प्लवक वाढलं त्याच्यावर कोपेपॉड नावाच्या चिमुकल्या प्राण्यांनी ताव मारला. त्या प्राण्यांना खायला आणखी मोठे आले. खाली फारच थोडा कार्बन गेला.