सूर लिहून ठेवणारा वकील

गेल्या वर्षीची गोष्ट. गॅदरिंगच्या एकांकिकेसाठी एक गाणं हवं होतं आणि त्याची चाल मला स्वारगेटहून येणाऱ्या बसमध्ये सुचली. एका हाताने वरचा दांडा धरलेला, दुसऱ्या हातात जर्नल्सची पिशवी, आणि डोक्यात चाल! इतकी मस्त जमली होती की हॉस्टेल येईपर्यंत मी ती चाळीस वेळा तरी गुणगुणले असेन. गेटवर रजिस्टरमध्ये सही केली, मेस बंद व्हायला आली होती म्हणून आधी जेवून घेतलं, शेजारच्या खोलीत कोणीतरी स्पीकरवर गाणी लावली होती... आणि चाल गेली. साफ गेली. सुरुवातीचे चार स्वर तेवढे आठवत होते, पुढे पाटी कोरी.

माझी पेटी घरी, साताऱ्याला. हॉस्टेलमध्ये वाद्य म्हणाल तर फक्त मेसची ताटं. मोबाईलवर रेकॉर्ड का नाही केलंस, असं रूममेटने विचारलं. भरल्या बसमध्ये मोबाईल तोंडाशी धरून गायचं धैर्य तुमच्यात असेल तर तुम्ही थोर आहात, मी नाही.

रडत रडत साताऱ्याच्या पेटीच्या बाईंना फोन केला. सहानुभूती सोडाच, वर बोलणी खाल्ली! दोन परीक्षा दिल्यास, भातखंडे लिपी येते, मग तिकिटाच्या मागे चार स्वर लिहायला काय झालं होतं? खरं सांगायचं तर ते लेखन मार्कांसाठी असतं, एवढंच मला वाटत होतं. शाळा कॉन्व्हेंटची, तिथे पियानोच्या सिस्टर पाच रेघांवर बेडकाची पिल्लं काढायला शिकवायच्या. घरी बाई सा-रे-ग-म च्या खाली-वर रेघा आणि टिंबं काढायला लावायच्या. दोन्ही मला सारखीच कंटाळवाणी! पण त्या बोलण्यानंतर अप्पा बळवंत चौकात जाऊन 'क्रमिक पुस्तक मालिके'चा एक जुना भाग घेतला, लायब्ररीतून दोन-चार चरित्रं वाचली, आणि मग हा माणूस डोक्यातून जाईना.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० चा, मुंबईत वाळकेश्वरला, गोकुळाष्टमीच्या दिवशी. घराण्यात कोणी उस्ताद नव्हता, दरबार नव्हता. साधं मध्यमवर्गीय घर, मुलाने शिकून नोकरी-धंद्याला लागावं अशी अपेक्षा. (ओळखीचं वाटतं ना?) लहानपणी बासरी, मग वल्लभदास दामुलजींकडे सतार, आणि बरोबरीने एल्फिन्स्टन कॉलेज. १८८५ साली बी.ए., १८८७ साली एलएल.बी. काही काळ कराचीला वकिली, मग परत मुंबई. आपल्याकडे बी.ई. झाल्यावर गिटार भिंतीला टांगतात. ह्यांनी उलटं केलं.

कॉलेजात असतानाच, १८८४ मध्ये, ते मुंबईच्या 'गायन उत्तेजक मंडळी'त जाऊ लागले. पारशी मंडळींनी काढलेली ही संस्था. तिथे नामवंत गवई येत, गात, शिकवत. रावजीबुवा बेलबागकरांकडून धृपदं, अली हुसेन खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल अशा शेकडो चिजा त्यांनी तिथे मिळवल्या.

आता मिळवल्या म्हणजे काय? इथे खरी मेख आहे. त्या काळी चीज म्हणजे घराण्याची इस्टेट. शिष्य वर्षानुवर्षं घरात राबला, मर्जीत बसला, तर त्याला ती मिळायची, तीही तोंडी. पुस्तकं नव्हती असं नाही. कृष्णानंद व्यासांचा 'रागकल्पद्रुम' हा प्रचंड संग्रह १८४० च्या दशकात कलकत्त्याला छापला गेला होता. पण त्यात फक्त शब्द! वर रागाचं नाव, खाली गाण्याच्या ओळी. चाल कशी, ते ज्याच्या गळ्यात होतं तो गेला की संपलं.

हे वाचलं आणि मला आजीची वही आठवली. माझी आजी पहाटे एक भूपाळी म्हणायची, तिच्या आईकडून आलेली. वहीत ती सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलेली आहे, सहाही ओळी, तारखेसकट. आजी जाऊन चार वर्षं झाली. चाल वहीत नाही.

असो. भातखंडे गात ऐकलेलं कागदावर उतरवायला लागले. त्यासाठी त्यांनी जी लिपी बसवली ती आपल्याकडच्या संगीत शिकणाऱ्या प्रत्येकाने पाहिली आहे, पण बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. शुद्ध स्वराला काही खूण नाही. कोमल स्वराच्या खाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. खालच्या सप्तकातल्या स्वराखाली टिंब, वरच्या सप्तकातल्या स्वरावर टिंब. स्वर लांबवायचा तर पुढे डॅश, शब्द लांबवायचा तर अवग्रह. एका मात्रेत दोन-तीन स्वर असतील तर त्यांच्या खाली कंस. त्रितालाच्या सोळा मात्रा चार-चारच्या चौकटीत, समेला गुणिलेची खूण, खालीला शून्य, बाकीच्या टाळ्यांना २ आणि ३. झालं! पाच रेघा लागत नाहीत, छापखान्याला फार वेगळे खिळे लागत नाहीत, साध्या वहीत मावतं.

आणि यात सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे 'सा' कुठलाही चालतो. पियानोच्या नोटेशनमध्ये टिंब कुठल्या रेघेवर, त्यावर स्वराची उंची पक्की ठरते. इथे फक्त सा पासूनचं अंतर लिहायचं. म्हणजे वाद्य जवळ नसलं तरी अडत नाही. हॉस्टेलच्या पंख्याची घरघर सा धरा नाहीतर बसच्या इंजिनाची, चालेल. अर्थात हे कानाला जमलं पाहिजे. अलंकार घोटून घोटून कुठलाही स्वर ऐकला की त्याचं नाव आपोआप डोक्यात यावं लागतं, तरच पेटी चाचपल्याशिवाय हात लिहितो. भातखंड्यांचा कान तसा तयार होता. लिपी हा त्या कानाच्या पुढचा भाग.

ते एकटेच होते असं मुळीच नाही. बडोद्याचे मौलाबक्ष यांनी त्यांच्या आधी स्वरलेखन केलं होतं, आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढणाऱ्या विष्णु दिगंबर पलुसकरांची स्वतःची वेगळी लिपी होती. जाणकार म्हणतात की पलुसकरांची लिपी बारकाईने जास्त सांगते. असेल. पण भातखंड्यांची शिकायला सोपी, म्हणून तीच जास्त पसरली. आपल्याकडे कुठली प्रोग्रॅमिंग लँग्वेज चालते आणि कुठली मरते, ते आठवा.

१९०० साली त्यांची पत्नी गेली. १९०३ साली मुलगी गेली. घरात कोणी उरलं नाही. चरित्रांमध्ये या दोन तारखा एका ओळीत उरकलेल्या असतात. मी त्या ओळीवर बराच वेळ थांबले. कारण पुढच्याच वर्षी, १९०४ मध्ये, हा माणूस दक्षिणेच्या प्रवासाला निघालेला दिसतो. मद्रास, तंजावर, मदुरा, एट्टयापुरम. एट्टयापुरमला ते सुब्बराम दीक्षितरांना भेटले. दक्षिणेतली ७२ मेळकर्त्यांची मांडणी त्यांनी नीट समजून घेतली, आणि पुढे उत्तरेचे राग दहा थाटांत बसवले. १९०७ साली नागपूर, कलकत्ता वगैरे, १९०८-०९ मध्ये अलाहाबाद, बनारस, लखनौ, आग्रा, दिल्ली, जयपूर. जिथे जातील तिथे ग्रंथ शोधायचे, गवयांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरं रोजनिशीत लिहायची. हळूहळू वकिली सुटलीच.

गवई सहजासहजी देत नसत. रामपूरचे नवाब हमीद अली खाँ यांची त्यांनी शागिर्दी पत्करली, म्हणून तिथला सेनियांचा खजिना उघडला. जयपूरच्या मोहम्मद अली खाँ यांच्या मुलांकडून त्यांनी सुमारे ३०० चिजा घेतल्या आणि त्यासाठी फोनोग्राफ वापरला. ते आजचं रेकॉर्डिंग नव्हे हं! मेणाचं नळकांडं, त्यावर जेमतेम दोन ते चार मिनिटं, आणि दर वेळी वाजवताना सुई थोडं मेण खरवडते. म्हणजे ऐकता ऐकता रेकॉर्ड झिजतं. म्हणून शेवटी कागदच. वडिलांना हे कळलं तेव्हा ते फार संतापले, घराण्याचं धन परक्याच्या वहीत गेलं म्हणून. आणि पुढे त्यांनीच आशीर्वाद दिला, अशी हकिगत चरित्रांत येते.

मला त्या वडिलांचा राग खोटा वाटत नाही. सबमिशनच्या फाईली आपण सरळ पेन ड्राईव्हवर फिरवतो, ते वेगळं. या माणसांचं पोट त्या चिजांवर होतं. आणि भातखंडे काही फार गोड बोलणारे नव्हते. उस्तादांना शास्त्र कळत नाही, असं ते लेखनात फटकन लिहून जातात, कधी कधी अन्यायही करतात. ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याविषयी थोडं मऊ लिहिलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी ते धन स्वतःपुरतं ठेवलं नाही हेही तितकंच खरं. 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग, त्यात १८०० हून अधिक चिजा, कोणीही विकत घ्याव्या अशा. सिद्धांतासाठी 'हिंदुस्तानी संगीत पद्धती'चे चार भाग, आणि ते चक्क मराठीत! गुरू-शिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आहेत, म्हणजे चार खंडांची ओरल म्हणा ना. संस्कृत ग्रंथ तर त्यांनी स्वतःच्या नावाने काढलाच नाही, 'चतुर पंडित' नावाने काढला.

आणखी एक युक्ती त्यांनी केली ती मला फार आवडली. रागाचे नियम लक्षात राहावे म्हणून त्याच रागात त्याच नियमांचं गाणं, म्हणजे लक्षणगीतं, त्यांनी मोठ्या संख्येने रचली. वादी कोण, संवादी कोण, वेळ कुठली, सगळं गाण्यातच. वही घरी विसरली तरी गाणं तोंडात असतं. सिग्नल्सच्या फॉर्म्युल्यांना कोणी अशा चाली लावल्या तर माझे दोन पेपर सुटतील!

सगळंच कागदावर येत नाही, हे मात्र सांगायला हवं. आम्ही ई अँड टीसीवाले त्याला क्वांटायझेशन एरर म्हणू. दरबारी कानड्याचा गंधार नेहमीच्या कोमल गंधाराहून उतरलेला आणि डोलणारा. लिहिताना 'ग' खाली रेघ, बस. तो डोल ज्याने ऐकला आहे त्यालाच ती रेघ वाचता येते. दहा थाटांतही काही राग कसेबसे कोंबलेले वाटतात. सांगाडा मिळतो, जीव गुरूकडूनच घ्यावा लागतो.

१९१६ मध्ये बडोद्याला सयाजीरावांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद, १९१८ मध्ये ग्वाल्हेरचं माधव संगीत महाविद्यालय, १९२६ मध्ये लखनौचं मॅरिस कॉलेज, जे आज भातखंड्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. हे सगळं जनरल नॉलेजच्या पुस्तकात मिळेल. १९३३ साली त्यांना पक्षाघात झाला, तीन वर्षं अंथरुणात गेली, आणि १९ सप्टेंबर १९३६ ला ते गेले. गणेश चतुर्थी होती. यंदा आमच्या मागच्या मैदानावर ढोल-ताशांची प्रॅक्टिस चालू असताना मला ही तारीख आठवली, आणि त्या दणदणाटात सुद्धा मी ठेका मोजून वहीत लिहायचा प्रयत्न केला. जमला नाही. हसू नका.

मात्र दिवाळीच्या सुट्टीत एक काम केलं. आई आणि मावशीला समोर बसवलं, आजीची वही उघडली आणि चौकटी आखल्या. पहिली ओळ दोघींची जुळली. दुसरीला भांडण! आई शेवटी गंधारावर थांबते, मावशी म्हणते पंचमावर. शेवटी दोन्ही लिहिल्या, एकाखाली एक. चौथी, पाचवी, सहावी पहिलीसारख्याच. तिसऱ्या ओळीला आजी वर जायची एवढं दोघींना आठवतं, कुठे जायची ते आठवत नाही. मी चौकटींत शब्द भरले आणि वरची जागा मोकळी ठेवली.

सांगलीच्या चुलत आजी मे महिन्यात लग्नाला येणार आहेत. त्यांचं माहेर आजीच्याच वाड्यातलं. त्यांना ती भूपाळी येत असावी, असं आई म्हणते. वही मी आत्ताच बॅगेत भरून ठेवली आहे, पेन्सिलीसकट.